विश्लेषण : एका सामन्यात १०० गुण, तरीही ‘सर्वकालीन महान’च्या वादात विल्ट चेंबरलेन मागे का?

बास्केटबॉलमधील सर्वकालीन महान खेळाडू कोण, असा प्रश्न निघाला की चर्चा मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स या दोन नावांभोवती फिरते. जॉर्डनचे चाहते सहा विजेतेपदांकडे बोट दाखवतात. लेब्रॉनचे चाहते कारकीर्दीतील सर्वाधिक गुण आणि वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला दर्जा पुढे करतात. मात्र ‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक लीगची विक्रमांची यादी उघडली की तिसरेच नाव पुन्हा पुन्हा दिसते. एका सामन्यात सर्वाधिक गुण, एका मोसमात गुणांची सर्वाधिक सरासरी, एका सामन्यात आणि संपूर्ण कारकीर्दीत सर्वाधिक रिबाउंड, हे सारे विक्रम विल्ट चेंबरलेनचे आहेत. त्याच्या निवृत्तीला पन्नासहून अधिक आणि निधनाला पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी ते कायम आहेत. मग पहिल्या क्रमांकाच्या चर्चेत तो मागे का पडतो? त्याच्या आयुष्याकडे पाहिले, तर या वादात मोजमाप कसे ठरते आणि कसे बदलते, हेही कळते.

चेंबरलेन कोण होता?

विल्टन नॉर्मन चेंबरलेनचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात, नऊ भावंडांच्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणी न्यूमोनियाने तो इतका आजारी पडला की शाळेचे एक वर्ष वाया गेले. त्याची पहिली आवड ॲथलेटिक्स. बास्केटबॉल हा त्याला नाजूक मुलांचा खेळ वाटे. पण ओव्हरब्रूक हायस्कूलमध्ये पोहोचेपर्यंत त्याची उंची सात फुटांच्या जवळ गेली होती आणि शहरात या खेळाची लाट होती. शालेय कारकीर्दीत त्याने २,२५२ गुण केले. एका सामन्यात तर एकट्याने ९० गुण नोंदवले.

पुढे त्याची उंची सात फूट एक इंचावर स्थिरावली. वृत्तपत्रांनी त्याला ‘द स्टिल्ट’ हे टोपणनाव दिले. उंच बांबूच्या पायांवर चालणाऱ्या माणसाची आठवण करून देणारे हे नाव त्याला मुळीच आवडत नसे. त्याच्या आवडीचे नाव होते ‘बिग डिपर’. दारातून जाताना त्याला वाकावे लागे, यावरून मित्रांनी ते पाडले होते. इंग्रजीत ‘बिग डिपर’ म्हणजे आपले सप्तर्षी. पुढे लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात घर बांधल्यावर त्याने घराला ‘अर्सा मेजर’ असे नाव दिले. सप्तर्षी ज्या तारकासमूहात येतात, त्याचेच हे नाव.

त्याच्यामुळे नियम बदलले, ते कोणते?

१९५५ मध्ये चेंबरलेन कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. बास्केटबॉलचे जनक जेम्स नाइस्मिथ हे याच विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. विद्यापीठाच्या मुख्य संघाकडून डिसेंबर १९५६ मध्ये खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने ५२ गुण आणि ३१ रिबाउंड नोंदवले. बास्केटमध्ये न गेलेला चेंडू परत आल्यावर तो ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड.

फ्री थ्रो घेताना तो रेषेवरून झेप घेऊन चेंडू थेट कड्यात घालू शकतो, अशी चर्चा होती. त्यामुळे चेंडू कड्याला लागेपर्यंत खेळाडूने रेषेमागेच राहावे, असा नियम महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये आला. बॅकबोर्डवरून चेंडू आत टाकण्यासही बंदी आली, कारण तो पास उंचावर फक्त त्यालाच मिळाला असता. पुढे १९६४ मध्ये एनबीएने बास्केटसमोरच्या पट्ट्याची रुंदी १२ फुटांवरून १६ फूट केली. या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पट्टा रुंद झाल्याने त्याला बास्केटपासून आणखी दूर उभे राहणे भाग पडले.

मैदानाबाहेर मात्र नियम वेगळेच होते. विद्यापीठ ज्या लॉरेन्स शहरात आहे, तिथे तेव्हा अनेक हॉटेलांत कृष्णवर्णीयांना जेवण मिळत नसे. चेंबरलेन अशा ठिकाणी जाऊन बसे आणि आपल्याला वाढावे, असा आग्रह धरे. १९५७ मध्ये डलासमधील सामन्यांत प्रेक्षकांकडून वांशिक शिवीगाळही झाली.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने कॅन्ससला हरवले. तीन वेळा जादा वेळ द्यावा लागलेल्या या सामन्याचा निकाल ५४-५३ असा एका गुणाने लागला. सामन्याच्या पहिल्या उडीला सात फुटी चेंबरलेनसमोर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी मुद्दाम आपला बुटका खेळाडू उभा केला होता. त्यानंतर चेंबरलेनभोवती खेळाडूंचा वेढा राहिला आणि शेवटच्या क्षणी त्याच्याकडे टाकलेला पास अडवला गेला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, पण मोठे सामने तो हरतो, हा शिक्का इथेच बसला.

१०० गुणांचा सामना कसा झाला?

विद्यापीठ वेळेआधी सोडल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार त्याला लगेच एनबीएत खेळता येत नव्हते. मग एक वर्ष त्याने ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघासोबत दौरे केले. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून एनबीएत उतरला. पहिल्याच मोसमात सामन्यामागे ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड अशी सरासरी राखून सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब त्याने पटकावले. पुढच्या मोसमात बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले.

१९६१-६२ मध्ये वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले तेच फ्रँक मॅग्वायर. त्यांनी चेंबरलेनला पूर्ण वेळ मैदानावर ठेवायचे आणि चेंडू शक्यतो त्याच्याकडेच द्यायचा, असे ठरवले. त्या मोसमात त्याची सरासरी होती ५०.४ गुण. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, तर तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. जादा वेळेत गेलेल्या सामन्यांमुळे हा आकडा ४८ च्या वर गेला.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात ४,१२४ प्रेक्षकांसमोर न्यूयॉर्क निक्सविरुद्ध सामना झाला. निक्सचा नेहमीचा सेंटर खेळत नव्हता आणि बदली खेळाडू फाउलच्या अडचणीत सापडला. चेंबरलेनने मध्यंतरापर्यंत ४१ आणि तिसऱ्या सत्राअखेर ६९ गुण केले. अखेरच्या मिनिटांत सामना बाजूलाच राहिला. चेंबरलेनपर्यंत चेंडू पोहोचू नये म्हणून निक्सचे खेळाडू इतरांना फाउल करू लागले. चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सचे खेळाडू निक्सना फाउल करू लागले. ४६ सेकंद बाकी असताना शंभरी पूर्ण झाली. वॉरियर्स १६९-१४७ असे जिंकले. या सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. कागदावर १०० हा आकडा लिहून तो हातात धरलेल्या चेंबरलेनचे छायाचित्र आणि रेडिओवरील शेवटच्या सत्राचे ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे.

त्या आकड्यांची किंमत आज किती?

चेंबरलेनविरोधातील पहिला आक्षेप असा की तो काळच वेगळा होता. खेळ वेगवान होता, फटके भरपूर मारले जात आणि लीगमध्ये नऊच संघ होते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते थोडे गणित करून तपासता येते.

१९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी सुमारे १०७ फटके बास्केटकडे मारत असे. जॉर्डनने ३७.१ ही आपली सर्वोच्च सरासरी गाठली त्या १९८६-८७ च्या मोसमात हे प्रमाण सुमारे ८९ होते. चेंबरलेनचे ५०.४ गुण या प्रमाणात कमी केले, तर साधारण ४२ उरतात. म्हणजे सामन्यामागे तो जॉर्डनच्या पुढेच राहतो. आता मिनिटांचा हिशेब करू. जॉर्डन त्या मोसमात सामन्यामागे ४० मिनिटे खेळला, म्हणजे मिनिटाला साधारण ०.९३ गुण. चेंबरलेनचा वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा मिनिटाला ०.८६ येतो. इथे जॉर्डन पुढे जातो. अर्थात, एकही विश्रांती न घेता ८० सामने खेळणाऱ्याला मिनिटामागे मोजणे योग्य आहे का, हा प्रश्न राहतोच.

शंभर गुणांचेही तसेच. २००६ मध्ये कोबी ब्रायंटने लॉस एंजेलिस लेकर्सच्या १२२ पैकी ८१ गुण केले, म्हणजे ६६ टक्के. चेंबरलेनचे १०० गुण वॉरियर्सच्या १६९ गुणांच्या ५९ टक्के होतात.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एनबीएने ब्लॉक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेतच अडवणे, अधिकृतपणे मोजायला १९७३-७४ मध्ये सुरुवात केली. चेंबरलेन निवृत्त झाला १९७३ मध्ये. ज्या कामात तो त्या काळातील सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाई, त्याची अधिकृत नोंद तो गेल्यानंतरच्या मोसमापासून सुरू झाली.

बिल रसेलचा अडथळा काय होता?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, तो विजेतेपदांचा. चेंबरलेनच्या नावावर १४ मोसमांत दोन विजेतेपदे आहेत. त्याचा समकालीन, बोस्टन सेल्टिक्सचा सेंटर बिल रसेल याच्या नावावर १३ मोसमांत ११.

हे दोघे १४२ वेळा समोरासमोर आले. या सामन्यांत चेंबरलेनची सरासरी २८.७ गुण आणि तितक्याच, म्हणजे २८.७ रिबाउंडची. रसेलची १४.५ गुण आणि २३.७ रिबाउंडची. पण रसेलचा संघ ८५ वेळा जिंकला, चेंबरलेनचा ५७ वेळा. बाद फेरीतील आठपैकी सात मालिका रसेलने जिंकल्या. त्यांपैकी चार मालिका सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत गेल्या आणि चारही वेळा चेंबरलेनचा संघ हरला. अंतर होते २, १, ४ आणि २ गुणांचे. चार मालिका मिळून नऊ गुण.

रसेलच्या बाजूला बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅव्हलिचेक यांसारखे खेळाडू आणि रेड ऑरबॅक यांच्यासारखे प्रशिक्षक होते, हे चेंबरलेनचे समर्थक सांगतात. रसेलने त्या सर्वांचा खेळ उंचावला, हे त्याचे समर्थक सांगतात. १९६१-६२ मध्ये चेंबरलेनची सरासरी ५०.४ असतानाही खेळाडूंच्या मतदानातून सर्वोत्तम खेळाडूचा किताब रसेललाच मिळाला. बरोबर खेळणाऱ्यांनी तेव्हाच आपले माप निवडले होते.

त्याने खेळ बदलला, मग काय झाले?

१९६५ मध्ये चेंबरलेन फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे आला. प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी १९६६-६७ मध्ये त्याला गुण कमी करून सहकाऱ्यांना खेळवायला सांगितले. पाच वर्षांपूर्वी सामन्यात सरासरी ३९.५ फटके मारणारा खेळाडू १४.२ फटक्यांवर आला. त्यातले ६८ टक्के बास्केटमध्ये गेले. संघाने ६८ सामने जिंकले आणि १३ गमावले. सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची मालिका त्यांनी मोडली आणि विजेतेपद मिळवले. पुढच्या मोसमात चेंबरलेनने लीगमध्ये सर्वाधिक ७०२ असिस्ट दिले. सेंटर खेळाडूसाठी ही जवळपास अशक्यप्राय बाब होती.

इथे टीकेचा सूर पालटला. गुण करत होता तेव्हा तो स्वार्थी ठरला. पास देऊ लागल्यावर आता त्याला असिस्टच्या विक्रमाचा हव्यास आहे, असे म्हटले गेले. १९६८ मध्ये सेल्टिक्सविरुद्ध मालिकेत ३-१ अशी आघाडी असूनही संघ हरला, तेव्हा निर्णायक सामन्यात त्याने पुरेसे फटकेच मारले नाहीत, हा नवा आरोप झाला.

फ्री थ्रोचे कोडे काय?

सगळ्या आरोपांत एक मात्र टाळता येत नाही. कुणीही अडवत नसताना, ठरावीक अंतरावरून मारायचा फ्री थ्रो त्याला जमला नाही. कारकीर्दीत ११,८६२ पैकी ५,८०५ फ्री थ्रो त्याने हुकवले. यशाचे प्रमाण ५१ टक्के.

पण शंभर गुणांच्या सामन्यात त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले होते. त्या मोसमात तो चेंडू दोन्ही हातांनी, गुडघ्यांपासून वर, खालून फेकत असे. या पद्धतीत दोन्ही हात सारखे हलतात, त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे कमी भरकटतो आणि कड्यावर हळुवार उतरतो. रिक बॅरी या खेळाडूने हीच पद्धत वापरून कारकीर्दभर सुमारे ८९ टक्के यश मिळवले. चेंबरलेनचे त्या मोसमातील प्रमाण ६१ टक्के होते. तरीही त्याने ती पद्धत सोडली, कारण तसे फेकताना आपण हास्यास्पद दिसतो, असे त्याला वाटे. १९६७-६८ मध्ये हेच प्रमाण ३८ टक्क्यांवर घसरले. पद्धत सोडणे चूक होते, हे त्याने पुढे आत्मचरित्रात मान्य केले.

१९६९ मध्ये काय बिघडले?

१९६८ मध्ये तो जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर यांच्यासोबत खेळण्यासाठी लेकर्समध्ये गेला. ५ मे १९६९ रोजी सेल्टिक्सविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा सामना लेकर्सच्या मैदानावर होता. विजयोत्सवासाठी छताला फुगेही बांधून ठेवले होते. शेवटची पाचेक मिनिटे उरली असताना गुडघा दुखावल्याने चेंबरलेन बाहेर बसला. काही वेळाने परत जाण्याची तयारी त्याने दाखवली, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी नकार दिला. लेकर्स १०६-१०८ असे हरले. त्या सामन्यात चेंबरलेनने १३ पैकी नऊ फ्री थ्रो हुकवले होते.

रसेलचा तो शेवटचा सामना. त्यानंतर विद्यार्थ्यांशी बोलताना त्याने चेंबरलेनने मैदान सोडल्याबद्दल टीका केली आणि ती छापून आली. मैदानावरील वैराच्या काळातही हे दोघे जिवलग मित्र होते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला रसेल चेंबरलेनच्या घरी जेवायला जात असे. या टीकेनंतर दोघांत वीस वर्षांहून अधिक काळ अबोला राहिला. अखेर रसेलने माफी मागितली आणि मैत्री पुन्हा जुळली.

दरम्यान, १९७१-७२ मध्ये लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले, हा विक्रम आजही कायम आहे. रसेलचे जुने सहकारी बिल शर्मन आता लेकर्सचे प्रशिक्षक होते. त्यांच्या सांगण्यावरून ३५ वर्षांचा चेंबरलेन मुख्यतः बचाव आणि रिबाउंड सांभाळत होता. अंतिम मालिकेचा शेवटचा सामना तो हाताला दुखापत असताना खेळला. २४ गुण, २९ रिबाउंड आणि दुसरे विजेतेपद त्याने मिळवले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

निवृत्तीनंतर काय?

एकूण ३१,४१९ गुण आणि २३,९२४ रिबाउंड करून तो निवृत्त झाला. १,०४५ सामन्यांत एकदाही सहा फाउल होऊन त्याला बाहेर जावे लागले नाही. गुणांचा विक्रम १९८४ मध्ये करीम अब्दुल जब्बारने मोडला. त्यानंतर चेंबरलेन व्हॉलीबॉल खेळला, चित्रपटात झळकला. १९९१ मध्ये एका पुस्तकात त्याने आपल्या लैंगिक संबंधांविषयी अवाच्या सवा आकडा दिला आणि टीका ओढवून घेतली. आकड्यांनी मोठा झालेला माणूस एका आकड्यामुळेच चेष्टेचा विषय झाला.

१९५७ च्या पराभवानंतर बराच काळ तो कॅन्ससपासून दूर राहिला होता. तिथल्या लोकांची आपण निराशा केली, हे ओझे त्याच्या मनावर होते. जानेवारी १९९८ मध्ये त्याची जर्सी सन्मानाने निवृत्त करण्यासाठी तो विद्यापीठाचे जुने जाकीट घालून परतला. प्रेक्षकांनी उभे राहून केलेल्या स्वागताने तो भारावून गेला. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९९९ रोजी, बेल एअरमधील घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तो ६३ वर्षांचा होता. त्याच्या शोकसभेत बोलणाऱ्यांत बिल रसेलही होता.

मग महान कोण?

आपल्याकडे ब्रॅडमन की सचिन, हा वाद रंगतो तेव्हाही आधी माप ठरवले जात नाही. सरासरी, कारकीर्दीची लांबी, काळाचे ओझे की संघाचे विजय? ज्याला जो खेळाडू आवडतो, त्याला सोयीचे माप तो उचलतो. चेंबरलेनच्या बाबतीत हे त्याच्या हयातीतच, त्याच्या डोळ्यांदेखत घडले. एका माणसाने एका सामन्यात किती मजल मारली, हे माप धरले तर त्याच्या पुढे कुणी नाही. विजेतेपदे मोजली तर रसेल. दोन्हींचा मेळ हवा असेल तर जॉर्डन. दीर्घकाळ टिकणे हे माप असेल तर लेब्रॉन. चेंबरलेन मागे पडतो, कारण आजचा चाहता विजेतेपदांचे माप आधी काढतो. चार निर्णायक सामन्यांतील ते नऊ गुण इकडचे तिकडे झाले असते, तर कदाचित हा वाद वेगळ्या नावांनी रंगला असता. त्या नऊ गुणांची थोडी जबाबदारी नशिबावर आणि सेल्टिक्सवर टाकता येते. फ्री थ्रोची मात्र त्याच्यावरच राहते.

एनबीएने आपल्या परीने वाटणी करून टाकली आहे. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब २००९ पासून रसेलच्या नावाने दिला जातो. २०२२ मध्ये मोसमातील सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला जॉर्डनचे नाव मिळाले आणि सर्वोत्तम नवोदिताच्या करंडकाला चेंबरलेनचे. आता लीगमध्ये येणाऱ्या प्रत्येक गुणी खेळाडूला पहिल्या वर्षी चेंबरलेनच्या नावाचा करंडक खुणावतो.